माशी बांधायचा खर्च: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला?

गळकरी_मुलुंड, ८ जुलै

मंडळी, पाऊस धो धो पडतोय. आता खडकावर जाणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून काठी कपाटावर ठेवली आणि हिशेबाची वही काढून बसलो. इथेच चूक झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हुकावर पिसं, केस, लोकर असं काहीबाही दोऱ्याने बांधून माशाला किडा किंवा छोटी मासळी भासेल असं आमिष करतात, त्याला फ्लाय म्हणायचं. आयती घेतली तर मला ऐंशी ते दीडशे रुपयांना पडते. वरळी सी-फेसच्या दगडांत एका संध्याकाळी चार-पाच सहज अडकून राहतात. म्हटलं घरी बांधू, पैसे वाचतील.

दोन वर्षांत या नादापायी ३१,४०० रुपये गेले आणि बांधून झाल्या साधारण १८०. म्हणजे एक फ्लाय १७४ रुपयांना! आयतीपेक्षा महाग, आणि दिसायला आयतीपेक्षा गबाळी.

बायकोला आकडा सांगितलेला नाही. तिने हा धागा वाचलाच तर मुलुंडमध्ये गळ टाकणारे पुष्कळ आहेत.

तर प्रश्न असा: मुंबईत राहून हे सामान स्वस्तात कुठे मिळतं, आणि घरातलं काय काय चालतं?

बारक्या, ८ जुलै

शीर्षक वाचून वाटलं घरात माश्या झाल्यात आणि त्यांना दोरीने बांधायचंय. पावसाळ्यात आमच्याकडेही झाल्यात, पाठवू का? फुकट आहेत.

रोखठोक, ८ जुलै

३१,४०० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून किती पापलेट आली असती याचा हिशेब वहीत आहे का?

गळकरी_मुलुंड, ८ जुलै

@रोखठोक, हाच प्रश्न सासरेबुवा दर रविवारी विचारतात. तुम्ही ते नाही ना?

सुईदोरा, ८ जुलै

मी मासे धरत नाही, फक्त खाते. पण भरतकाम वीस वर्षं करते आहे आणि 'एवढे पैसे गेले कुठे' हा प्रश्न आमच्या छंदातही रोजचा. आधी आकडा फोडा. हत्यारं किती, हुक किती, पिसं किती, बाकी किती? आणि त्यातलं वापरलं किती, पडून किती? एकूण भागिले नग करून काही कळत नाही. माझ्या पहिल्या रुमालाची किंमत तशी काढली तर पैठणी स्वस्त पडेल.

गळकरी_मुलुंड, ८ जुलै

ताई, वही उघडलीच आहे तर घ्या. हत्यारं (हूक आवळून धरणारा व्हाइस, दोऱ्याचं रीळ धरणारा बॉबिन, कात्री, चिमटे) ११,५००. हुक ४,२००. पिसं ९,३००. बाकी दोरे, चकाकणारे तंतू, मणी, डोळे, दिव्याखाली घट्ट होणारं पारदर्शक रेझिन असं सटरफटर ६,४००. पडून किती ते मोजलेलं नाही. ड्रॉवर नीट बंद होत नाही एवढं सांगतो.

सुईदोरा, ८ जुलै

मग उत्तर ड्रॉवरमध्येच आहे. तरी बाजार सांगते, कारण त्याशिवाय तुमचं समाधान व्हायचं नाही.

भुलेश्वर. लेस, कलाबतू, बादला, मणी, टिकल्या यांची गल्ली आहे तिथे. तुम्ही मंडळी परदेशी पाकिटातून जे चमचमणारे तंतू घेता, ते तिथे रिळाने मिळतात. बादला म्हणजे चपटी केलेली तार, हुकावर गुंडाळली की माशाच्या खवल्यांसारखी दिसेल असं मला आपलं वाटतं. फक्त धातूच्या जरीला खाऱ्या पाण्यात काळी पडायची खोड असते, तेव्हा समुद्रासाठी प्लॅस्टिकची घ्या.

दोऱ्याबद्दल महत्त्वाचं. शिंप्याचा नेहमीचा दोरा जाड पडतो, दहा वेढ्यांत हुकाच्या डोक्याशी गाठोडं होईल. मशीन एम्ब्रॉयडरीचा पॉलिस्टर दोरा मागा. रेयॉनही तसाच चमकतो, पण ओला झाला की ताकद जाते. दुकानदार दोन्ही एकाच खोक्यातून काढून देतो. शंका आली तर टोक जाळून बघा: रेयॉन कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते.

खाडीकाठचा, ९ जुलै

सुईदोराताई +१. एम्ब्रॉयडरीच्या दोऱ्यावर मी चार वर्षं काढली आहेत. मेणाच्या खड्यावरून एकदा ओढून घ्यायचा, मग सुटत नाही.

माझी यादी:

बॉबिन होल्डर: नागदेवीच्या हत्यारबाजारात जायच्या आधी एक जाड तार वाकवून आणि बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा लावून बघा. माझा पहिला तसाच होता. दुसरा विकतचा घेतला, तो रोज दोरा कापायचा. शेवटी त्याच्या नळीची कड बारीक पॉलिश पेपरने घासली तेव्हा सुधारला.

हॅकल (हुकाभोवती गुंडाळायचं कोंबड्याचं पीस) धरायचा चिमटा: लॅमिंग्टन रोडवरची वायर जोडायची क्रोकोडाइल क्लिप. दात टोचून पीस तुटू नये म्हणून दातांवर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवायचा.

तांब्याची बारीक तार: तिथेच, मोटर वाइंडिंगची. अर्ध्या किलोचं रीळ गळ्यात मारतात. नको म्हणा. मी घेतलं होतं, नातवंडांनाही पुरेल.

डोळे: वॉशबेसिनच्या बुचाला जी मण्यांची साखळी असते ना, ती. दोन-दोन मणी कापून घ्यायचे की झाले डोळे. बहामाकडे बोनफिश नावाच्या माशासाठी क्रेझी चार्ली नावाची फ्लाय बांधतात, तिला असेच साखळीचे डोळे असतात. म्हणजे हा जुगाड आपला नाही, त्यांचाच आहे. आपण उगाच पाकिटातले घेतो. लोहार चाळीजवळच्या नळसामानाच्या दुकानात स्टीलची साखळी हातावर मोजून देतात.

बारक्या, ९ जुलै

क्रोकोडाइल क्लिप पवईला नेऊ नका. तिथे ओरिजिनल आहेत, तलावात.

तर्री_जास्त, ९ जुलै

यावरून आठवलं, पवईच्या तलावाचं काम १८९१ मध्ये झालं, ते मुंबईला पाणी पाजायला. पाणी पिण्याजोगं निघालं नाही, पण मासे धरणाऱ्यांची सोय झाली.

अवांतराबद्दल क्षमस्व. चालू द्या.

रोखठोक, ९ जुलै

सगळे जुगाड सांगताहेत, मी उलट बोलतो. व्हाइस चांगलाच घ्या. मी आधी एक स्वस्तातला घेतला, जबडा हूक धरायचा नाही. दुसरा घेतला, तो हूक धरायचा आणि मोडायचाही. तिसरा शेवटी चांगला घेतला. तिन्हींची बेरीज केली असती तर सुरुवातीलाच त्याहून भारी आला असता.

खाडीकाठचा, ९ जुलै

@रोखठोक, हे पटलं नाही. छोट्या, बारा-चौदा नंबरच्या हुकासाठी तुमचं बरोबर. पण आपल्याकडे समुद्रात एक नंबर, दोन नंबर, एक-शून्य असे दणदणीत हुक. त्याला नागदेवीचा हातशिकंजा टेबलाला पट्टीने आवळला तरी पुरतो. मी तीनशेच्या आत भागवलं होतं.

आणि गंमत माहीत आहे का? परदेशात नवशिक्यांना जे स्वस्त व्हाइस विकतात, त्यातले कितीतरी भारतातच बनतात. आपण ते तिकडून मागवतो.

ऊसगावकर, ९ जुलै

इथे पेनसिल्व्हेनियातून दुजोरा. त्याहून मोठी गंमत सांगू? इथल्या दुकानात कोंबड्याच्या मानेची पिसांसकट कातडी मिळते, त्यातली स्वस्त जात 'इंडियन नेक' म्हणून ओळखली जाते. आपलाच कोंबडा. बाकी खास हॅकलसाठी पैदास केलेल्या कोंबड्यांची पिसं वेगळी. लांब, एकसारखी, एका पिसात पाच-सहा ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, होतात. कोलोरॅडोतल्या व्हायटिंग फार्म्ससारखे लोक पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ते कोंबडे वाढवतात, म्हणून एका चांगल्या कातडीला शंभर डॉलरच्या आसपास मोजावे लागतात.

२०११ साली तर कहर झाला. मुलींमध्ये केसांत लांब पिसं लावायची टूम निघाली. पार्लरवाल्यांनी गळवाल्यांच्या दुकानांतून सॅडल हॅकल, म्हणजे कोंबड्याच्या पाठीची लांब पिसं, उचललं. किमती कुठल्या कुठे गेल्या, माल मिळेना. अमेरिकेतले पोटसुटे मासेमार पार्लरला शिव्या देत फिरत होते.

मीनाक्षी_ठाणे, ९ जुलै

पार्लरवाल्या बायकांच्या वतीने: आधी कोंबड्याने शिव्या द्यायला हव्या होत्या.

गळकरी_मुलुंड, १० जुलै

ऊसगावकर, तुम्ही डिसेंबरात येणार असाल तर एक इंडियन नेक...

ऊसगावकर, १० जुलै

नाही हो. पिसं म्हणजे प्राणिजन्य माल, विमानतळावर जाहीर करा, कागद दाखवा. एकदा मित्रासाठी आणली होती, दोन तास बसवून ठेवलं. हुक सांगा, हुक आणतो.

पक्षीवेडा, १० जुलै

धाग्यात पिसं आली म्हणून लिहितो, रागावू नका. स्वस्तात पिसं म्हणून कुणी पक्षीबाजारात किंवा गावाकडच्या शिकाऱ्याकडे जाऊ नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. खंड्या, नीलपंख, घुबड यांची पिसं बाळगणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. मोराच्या नैसर्गिकरीत्या गळलेल्या पिसांना देशात सूट आहे, निर्यात मात्र बंद. आणि मुंगसाच्या केसांचे ब्रश कुणी कापून वापरायला सांगेल, तेही बेकायदा आहेत.

सॅल्मनच्या जुन्या इंग्लिश फ्लायमध्ये गालाशी पांढरट-पिवळा मीनाकाम केल्यासारखा ठिपका असतो. ते पीस आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. साहेबाने इथून पेट्याच्या पेट्या नेल्या. आता निर्यात बंद असल्यामुळे ते लोक पाळलेल्या पक्ष्यांची वापरतात. माथेरानला पहाटे त्याची बांग ऐका, हुकावर बघण्यापेक्षा बरी.

पिसांच्या हव्यासाचं टोक म्हणजे २००९ सालची ट्रिंगची चोरी. इंग्लंडमधल्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या ट्रिंग शाखेतून एका तरुण बासरीवादकाने २९९ पक्ष्यांच्या कातड्या सुटकेसमध्ये भरून नेल्या. त्यातल्या काही तर आल्फ्रेड रसेल वॉलेसने जंगलं तुडवून जमवलेल्या. कशासाठी? अशाच फ्लायसाठी. आणि त्या फ्लाय पाण्यात टाकायच्याही नसतात, काचेत ठेवायच्या!

तर्री_जास्त, १० जुलै

बासरी आणि मोरपीस एकत्र आलं की आपल्याकडे पूजा करतात, तिकडे अटक.

बारक्या, १० जुलै

@तर्री _/\_ आजचा दिवस तुमचा.

खाडीकाठचा, १० जुलै

पक्षीवेडा, योग्य सांगितलंत. मोरपिसाबद्दल थोडी भर: डोळ्याशेजारचे जे तंतू असतात ते हुकावर गुंडाळले की किड्याचं अंग होतं. एका पिसात डझनांनी फ्लाय होतात. दादरला वीस-तीस रुपयांना पीस मिळतं. परदेशी पाकिटात त्यातलेच थोडे तंतू दोऱ्याला ओवून दिलेले असतात.

सदानंदकाका, ११ जुलै

मी सहसा वाचनमात्र असतो. वय ७३, आमचे आजोळ वर्सोवा कोळीवाडा. 'फ्लाय' हा शब्द मला नातवाने शिकवला, पण वस्तू नवी नाही. आजोबा होडीमागे सुरमईसाठी गळ ओढत, त्याला कोंबड्याचे पांढरे पीस बांधलेले असे. पीस नसेल तर जुन्या दोरखंडाचे तंतू उसवून बांधत. मासा कधी तक्रार करीत आला नाही.

तुम्ही मंडळी एक गोष्ट विसरता. आपले पाणी कसे आहे? खाडीचे पाणी चहासारखे. त्यात तुमच्या शंभर डॉलरच्या पिसाची झळाळी कोण बघणार? जिताडा, तांब, शिंगाळा हे आकार आणि हालचाल बघून धावतात. काळे किंवा भडक पिवळे बांधा, जरा जाडजूड बांधा. हिमाचलात तीर्थनच्या नितळ पाण्यात ट्राउट असेल, तिथे पिसाला किंमत. इथे नाही.

हुकात मात्र कंजुषी करू नका. पीस स्वस्त असले तर फार तर मासा येणार नाही. हूक स्वस्त असला तर आलेला मासा जातो, आणि ते दुःख जास्त.

सुईदोरा, ११ जुलै

काका, लिहीत जा हो. शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

खाडीकाठचा, ११ जुलै

सदानंदकाकांना शिरसाष्टांग. दोरखंडाबद्दल: ससून डॉकच्या बाहेर होड्यांच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे कापून उरलेले तुकडे मिळतात. पॉलीप्रॉपिलीनचा दोर घेतला तर तो पाण्यावर तरंगतो, नायलॉनचा बुडतो. म्हणजे वरून चालणारी फ्लाय आणि तळाशी जाणारी फ्लाय, दोन्हींची सोय एकाच दुकानात. उसवायचा, कुत्र्याच्या ब्रशने विंचरायचा, हवा तेवढा कापायचा. परदेशी सिंथेटिक तंतू हातात घेऊन बघा, काय वेगळं आहे ते मला सांगा.

रोखठोक, ११ जुलै

वेगळं हे की तुमचा दोर ताठ राहतो. महाग तंतू पाण्यात श्वास घेतल्यासारखा हलतो. दोन्ही बांधून बादलीत ओढून बघितलं आहे.

मीनाक्षी_ठाणे, ११ जुलै

मऊच हवं तर गंगावन! भुलेश्वरला, दादरला, कुठेही मिळतं. आमच्या भरतनाट्यमच्या क्लासमधली जुनी गंगावनं मी भावाला देते, तो समुद्रावर नेतो. एकदा त्याच्या गळाला लागलेल्या माशाच्या तोंडातून हातभर काळे केस लोंबत होते, शेजारचा माणूस उठून निघूनच गेला.

बारक्या, ११ जुलै

मत्स्यकन्या असेल ती.

गळकरी_मुलुंड, १२ जुलै

काकांचं वाचून आज ड्रॉवर उपसला. कबुलीजबाब: ९,३०० च्या पिसांपैकी वापरली असतील दोन हजारांची. ड्राय फ्लायचं भारी हॅकल आहे, जे मी हिमाचलला जाईन तेव्हा लागेल म्हणून घेतलं. हिमाचलला गेलो नाही. चौदा रंगांची डबिंग (किड्याचं अंग करायला दोऱ्यावर वळायचे केस) आहे. खाडीत चौदा रंगांचे किडे नाहीत. वरून निम्म्या पिसांना कसर लागली आहे आणि शंभर हुकांचा एक डबा गंजून लाल.

आता यावर उपाय सांगा, पावसाळ्याने वाट लावली.

खाडीकाठचा, १२ जुलै

कसर लागलेलं ताबडतोब वेगळं काढा. बाकीचं साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये. मग दोन दिवस बाहेर, परत आठवडाभर आत. अळ्या थंडीने मरतात, अंडी राहिली तर दुसऱ्या फेरीत. नंतर डांबरगोळी. हुकांच्या डब्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या टाका.

मीनाक्षी_ठाणे, १२ जुलै

फ्रीझरमध्ये ठेवण्यापूर्वी पिशवीवर लिहा. भावाने लिहिलं नव्हतं, आईने 'चिकन' समजून काढलं.

सुईदोरा, १२ जुलै

आता मुद्द्यावर या. तुमचे पैसे फ्लायमध्ये गेलेच नाहीत, 'कधीतरी लागेल' यात गेले. दोन-तीन नमुने ठरवा. प्रत्येकाला काय लागतं ते कागदावर लिहा. तेवढंच विकत घ्यायचं. मी पूर्वी रंग दिसला की लडी उचलायची. आता नक्षी ठरल्याशिवाय दुकानात पाऊल नाही. (भुलेश्वर अपवाद. तिथे मीही माणूस आहे.)

ऊसगावकर, १२ जुलै

ताईंना जोरदार अनुमोदन. आमच्या पेनसिल्व्हेनियातली वूली बगर घ्या, १९६७ साली रसेल ब्लेसिंग यांनी बांधली. हूक, दोरा, शेपटीला माराबूचं पीस, अंगाला शेनिल (लवदार दोरा), त्यावरून एक हॅकल. संपलं. अर्ध्या जगात चालते. माराबू पूर्वी त्याच नावाच्या करकोच्याचं असायचं, आता टर्कीचं मऊ पीस असतं.

फ्रँक सॉयर तर याहून पुढचा. इंग्लंडच्या एव्हन नदीवरचा रखवालदार. त्याच्या फेझंट टेल निम्फमध्ये (पाण्यातल्या अळीसारखी फ्लाय) दोराच नाही. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार, तारच दोऱ्याचं काम करते. मात्र त्याच्याच किलर बगची गोष्ट उलटी. ती चॅडविक्स ४७७ नावाच्या रफू करायच्या साध्या लोकरीने बांधायची. लोकर बनणं बंद झालं, आणि लोकांनी तीच हवी म्हणून कार्डावर गुंडाळलेल्या जुन्या लोकरीला वाटेल ती किंमत मोजली. मोजे रफू करायची लोकर!

सुईदोरा, १२ जुलै

माझ्याकडे आजीच्या लोकरीचा डबा आहे. उद्यापासून कुलूप.

तर्री_जास्त, १३ जुलै

वूली बगर मी पूर्णपणे फुकटात बांधतो, हुकाखेरीज. गटारी जवळ आलीय म्हणून गुपित फोडतो. आदल्या दिवशी चिकनवाल्याकडे पोत्याने पिसं असतात, तो उलट आभार मानतो. पण ब्रॉयलर सहा आठवड्यांत कापतात, त्याच्या मानेला धड हॅकल आलेलं नसतं. त्याची मऊ पिसं शेपटीपुरती. हॅकलसाठी गावरान कोंबडा हवा, वय झालेला, तोऱ्यात चालणारा. आणि काळ्या रंगासाठी कडकनाथ! झाबुआचा, २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला. पिसाला हिरवट झाक असते, रंगवायची गरज नाही. मटण खाल्लं जातं ते वेगळं. एका दगडात दोन पक्षी, एकच पक्षी असला तरी.

पक्षीवेडा, १३ जुलै

पाळीव आहे, त्यामुळे माझी हरकत नाही. धुऊन घ्या मात्र.

रोखठोक, १३ जुलै

पांढरी पिसं रंगवायची तर रंगपंचमीचा रंग नको, पहिल्याच पाण्यात फिका पडतो. लोकर-रेशमाला लावायचा ॲसिड डाय मिळतो, गरम पाणी आणि व्हिनेगर. कुठलंही पातेलं घ्याल ते परत स्वयंपाकात नाही. बघा, मी कंजूष नाही असं नाही.

मणी घेताना एक. भुलेश्वरचे पितळी मणी स्वस्त, पण भोक सरळ असतं, हुकाच्या वळणावरून जात नाही. हूक सोबत घेऊन जा, तिथेच घालून बघा. आणि उगाच मोठा मणी नको. डोकं जड झालं की फेकताना कानशिलात बसतो. नाकापेक्षा मोती जड, अक्षरशः.

खाडीकाठचा, १३ जुलै

आणि रेझिन? यूव्ही रेझिनच्या बाटलीला हजार-हजार घेतात. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास नेल-आर्टचं जेल आणि छोटा दिवा मिळतो. माझी दोन वर्षं त्यावर गेली. साधं पारदर्शक नेलपॉलिशही चालतं, दोन हात द्यायचे.

गळकरी_मुलुंड, १३ जुलै

मंडळी, यादी झाली. एकच फ्लाय ठरवतो: क्लाउझर मिनो. वर केस, खाली केस, जड डोळे. डोळ्यांमुळे हूक उलटा फिरून टोक वर राहतं, म्हणजे दगडात अडकायचं प्रमाण कमी. डिसेंबरपर्यंत दुसरं काही बांधणार नाही. साक्षीला तुम्ही.

बारक्या, १३ जुलै

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

गळकरी_मुलुंड, १४ सप्टेंबर

धागा वर काढतोय. गणपती गेले, समुद्र जरा निवळला, आणि हिशेब तयार आहे.

चाळीस क्लाउझर बांधल्या. हुक मस्टाडचे ३४००७, स्टेनलेस, माझ्या दुकानदाराकडे नगाला १४, म्हणजे ५६०. काट्याचं उलटं टोक पकडीने दाबून टाकलं, सोडताना माशालाही सोपं, माझ्या बोटालाही. वॉशबेसिनची साखळी ६०. बक्‌टेलऐवजी (हरणाच्या शेपटीचे केस) बोकडाच्या शेपटीचे केस, आमच्या मटणवाल्याने फुकट दिले, डाय ३०. चमक राखीपौर्णिमेनंतर दुकानात उरलेल्या राख्यांची, मूठभर ४०. दोरा ४५. नेलपॉलिश ३५. एकूण ७७०. एक फ्लाय सव्वाएकोणीस रुपये!

काल पहाटे गेलो होतो. तीन दगडांनी खाल्ल्या. छातीत कळ आली नाही, हे नवीन. दोन शिंगाळे आणि एक तांब, तांब हातभर. पिवळ्यावरच आला, सदानंदकाका.

रोखठोक, १४ सप्टेंबर

अभिनंदन. बोकडाचे केस बुडाशी पोकळ नसतात, हरणासारखे फुगत नाहीत, म्हणून क्लाउझरला बरेच. भुलेश्वरला जाण्यायेण्याचा खर्च धरला का?

गळकरी_मुलुंड, १४ सप्टेंबर

धरला नाही. कारण बायको बरोबर आली होती. तिने बाराशेची लेस घेतली, मग आम्ही फालुदा खाल्ला. तेवढं धरलं तर परत पन्नासच्या वर जाते.

सुईदोरा, १४ सप्टेंबर

लेस त्यात धरायची नाही. ती स्वतंत्र वही.

मीनाक्षी_ठाणे, १४ सप्टेंबर

म्हणजे तिला कळलं तर! आकडा?

गळकरी_मुलुंड, १४ सप्टेंबर

कळला. ड्रॉवर आवरताना वही सापडली. ती एवढंच म्हणाली, "माझं शिवणाचं मशीन याहून स्वस्तात आलं असतं." दिवाळीत येतंय.

सदानंदकाका, १५ सप्टेंबर

तांब शिजवली कशी ते लिहिले नाहीत.

गळकरी_मुलुंड, १५ सप्टेंबर

काका, सोडून दिली. फोटो आहे.

सदानंदकाका, १५ सप्टेंबर

हातभर तांब सोडली? मग हा सगळा हिशेब कशाला केलात हो?

बारक्या, १५ सप्टेंबर

काकांना पाणी द्या कुणीतरी.

खाडीकाठचा, १५ सप्टेंबर

ड्रॉवरमधलं ड्राय हॅकल पडून असेल तर मला द्या, मी खरंच एप्रिलमध्ये तीर्थनला जातोय. बदल्यात अर्धा किलो तांब्याची तार. पुढच्या रविवारी भुलेश्वरला भेटू?

सुईदोरा, १५ सप्टेंबर

रविवारी बाजार बंद असतो. शनिवारी अकराला या, मीही येते. यादी करून आणा.